पेलेटच्या भट्टीला घाम का फुटतो?

आलेलं पत्र:

दादा, नमस्कार. मेडिकल चौकाच्या अलीकडे माझी खानावळ आहे. विद्यार्थी आणि पेशंटचे नातेवाईक मिळून दोन्ही वेळचे शंभर-सव्वाशे जण जेवतात. गॅस परवडेना म्हणून दोन वर्षांपूर्वी पेलेटची, म्हणजे भुसा-कुटार दाबून केलेल्या कांड्यांची, भट्टी बसवली. ब्लोअरला बाहेरची हवा मिळावी म्हणून मिस्त्रीने तीन इंची पत्र्याचा पाइप भिंतीवरून फिरवून मागच्या बोळीत काढला. नऊ-दहा फूट लांब आहे. झड लागली की सकाळी भट्टी पेटता पेटत नाही, जाळ पिवळा पडतो, धूर होतो. पाइप हलवला तर आत पाणी वाजतं. मागच्या डिसेंबरात तर पावसाचा थेंब नसताना पाइपावरून पाणी ठिबकून ब्लोअरच्या डब्यावर पडत होतं. मिस्त्री म्हणतो, बाहेरची हवा दमट आहे, ती जाळ मारते, पावसाळ्यात पाइप बंदच ठेवा. म्हणून महिनाभरापासून पाइपाच्या तोंडात बारदाना कोंबला आहे. पाणी थांबलं, पण धूर वाढला, आणि पोळ्या करणाऱ्या मावशींचं रोज अकराच्या सुमारास डोकं दुखतं. पाइप काढूनच टाकू का?
— एक वाचक भगिनी, नागपूर

ताई, नमस्कार.

आधी उठा आणि तो बारदाना काढा. पुढचं उत्तर रात्री निवांत वाचलं तरी चालेल, पण उद्या सकाळची भट्टी बारदाना असताना पेटवू नका.

तुमच्या पत्रात पाण्याबद्दल दहा ओळी आहेत आणि मावशींच्या डोक्याबद्दल एकच. मला ती एक ओळ सगळ्यात जास्त टोचली. जाळाला हवा कमी पडली की पेलेटमधला कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून माणूस बाजूला तरी होतो, हा वायू तेवढीही सूचना देत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने त्याला धरून बसतं. मग डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं सुरू होतं. थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या माणसांच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागे हाच वायू असतो.

मावशींना दोन प्रश्न विचारा. घरी गेल्यावर, मोकळ्या हवेत तासा-दोन तासांत डोकं उतरतं का? सुटीच्या दिवशी दुखतं का? पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही असेल, तर त्यांना डॉक्टरांकडे न्या. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय तुमच्या दारातच आहे. तिथे नुसतं डोकं दुखतं असं सांगू नका, भट्टीजवळ काम करतात आणि हवेचा पाइप महिनाभर बंद होता, हे स्पष्ट सांगा. कारण बोटाला लावायचं ऑक्सिमीटर या वायूच्या बाबतीत फसतं, आकडा अठ्ठ्याण्णव दाखवतं आणि माणूस मात्र बेजार असतो. रक्ताची तपासणी वेगळी करावी लागते, आणि घरी गेल्यावर थोड्याच तासांत रक्तातलं प्रमाण उतरतं, म्हणून त्रास होत असतानाच नेणं बरं. स्वयंपाकघरात दोघा-तिघांना एकाच वेळी गरगरायला लागलं तर आधी सगळ्यांनी बाहेर यायचं, मग १०८ ला फोन. भट्टी विझवत बसायचं नाही.

आता मिस्त्रीचं म्हणणं. दमट हवा जाळ मारते, असं पुष्कळ जण मानतात, आणि ते ऐकायला पटतंही. पण हिशेब करून बघू. एक किलो पेलेट नीट जळायला साधारण ८ ते १० घनमीटर हवा लागते. आपल्याकडे श्रावणातल्या झडीत, २८ अंशांना, हवा पूर्ण ओली असली तरी एका घनमीटरात २७ ग्रॅमच्या आसपासच वाफ मावते. म्हणजे किलोभर पेलेटमागे हवेतून आली तर पाव किलो वाफ आली. उलट पेलेट जळताना त्यातल्या हायड्रोजनपासून जे पाणी तयार होतं तेच अर्ध्या किलोच्या घरात जातं, आणि ते मे महिन्यातही तयार होतंच. तुमची भट्टी ते रोज धुराड्यातून बाहेर टाकते, तुम्हाला कळतही नाही.

शिवाय हवेतली वाफ ही आधीच वाफ आहे. तिला फक्त तापवायचं असतं, त्याला उष्णता थोडी लागते. पाइपातलं पाणी हे पाणी आहे. त्याची वाफ करायला एका किलोला सव्वादोन मेगाज्यूलहून जास्त उष्णता जाते, आणि ती जाते जाळाच्या बुडातून, नेमकी जिथे ती हवी असते तिथून. त्यामुळे मिस्त्री ज्या दमटपणाला घाबरतो तो तुमचा शत्रू नाही. तुमचा शत्रू आहे पाइपातलं, राखेतलं आणि पोत्यातलं पाणी.

पाइपातलं पाणी कुठून येतंय याचा माग काढायला एक पांढरं सुती फडकं पुरेल. पाइप जिथे ब्लोअरला मिळतो तिथे ते रात्री बांधून ठेवा आणि सकाळी त्याचा रंग पाहा. मातकट डाग पडला, तर पाणी बाहेरून आलंय, पावसाचं किंवा बोळीतल्या शिंतोड्यांचं. पाणी स्वच्छ असेल, तर तो पाइपाला सुटलेला घाम. आणि डाग काळा-तपकिरी, चिकट, उग्र वासाचा असेल, तर हवेच्या पाइपाचा काही दोष नाही, धुराडं गार पडून त्यातलं पाणी सांध्यातून खाली येतंय. हा तिसरा प्रकार दिसला तर धुराड्याचे सांधे पाहून घ्या. वरच्या तुकड्याचं तोंड खालच्या तुकड्याच्या आत बसलेलं हवं, म्हणजे आतलं पाणी आतच उतरतं.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, तुमच्याकडे पहिले दोन प्रकार आहेत, ऋतू बदलला की पाणीही बदलतं.

पावसाळ्यातलं पाणी सरळ तोंडातून शिरतंय. पाइपाचं बोळीतलं टोक सपाट बाहेर निघालं असेल आणि वर टिनाची पागोळी गळत असेल, तर दुसरं काय होणार? त्यात पाइपाचा उतार भट्टीकडे असला की शिरलेला प्रत्येक थेंब ब्लोअरच्या दिशेने चालत येतो. हे मी अनुभवाने सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वसतिगृहाच्या भोजनगृहात मी स्वतः असा पाइप बसवला होता. डोळ्यांना तो आडवा, एका पातळीत दिसत होता. पाणपातळी (स्पिरिट लेव्हल) लावून पाहायचा आळस केला. प्रत्यक्षात आतल्या बाजूला अर्धा इंच झुकलेला होता. पहिल्याच झडीत ब्लोअरची मोटर जळाली आणि दीडशे मुलांची रात्रीची जेवणं चुकली. त्या दिवसापासून पाणपातळी माझ्या पिशवीतून निघालेली नाही.

डिसेंबरातलं पाणी वेगळं. ते पाइपाच्या आतलं नसून अंगावरचं आहे. आपल्याकडे माठ बाहेरून ओला होतो तो आतलं पाणी पाझरून. पण फ्रिजमधल्या पाण्याचा स्टीलचा पेला ओला होतो तेव्हा ते पाणी पेल्यातलं नसतं, खोलीतल्या हवेतली वाफ गार पेल्यावर येऊन बसलेली असते. तुमचा पत्र्याचा पाइप म्हणजे तो पेला. नागपूरची थंडी काही लहान नाही, २०१८च्या डिसेंबर अखेरीला इथला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. पहाटे सहाला बाहेरची आठ-दहा अंशांची हवा पाइपातून सारखी वाहते, पाइप गार पडतो, आणि त्याच वेळी आत भाताच्या आणि वरणाच्या पातेल्यांतून वाफ उठत असते. नऊ फूट गार पत्रा त्या वाफेला मिळतो. ती जमते, ओघळते आणि सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे ब्लोअरच्या डब्यावर, ठिबकते. ज्या थंड देशांत पेलेटच्या शेगड्या घर गरम ठेवायला दिवाणखान्यात असतात, तिथे बाहेरच्या हवेच्या पाइपाला हाच त्रास होतो, तिथली थंडी शून्याखालची असल्याने आपल्याहून कितीतरी जास्त. म्हणून तिथे या पाइपाला आवरण घालायची रीत आहे. आपल्याकडे पाइपाची कल्पना आली, आवरण मागेच राहिलं.

विजेचं इथेच सांगतो. पाणी ठिबकतंय त्या डब्यात मोटर आहे, फरशी ओली आहे, आणि मावशींच्या हातात स्टीलची परात आहे. भट्टीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) आहे का आणि अर्थिंग खरंच जोडलंय का, हे इलेक्ट्रिशियनकडून याच आठवड्यात बघून घ्या. डब्यावर पाणी दिसलं तर हात लावायच्या आधी मेन बंद.

आता सकाळी भट्टी का पेटत नाही ते. मिस्त्रीच्या तर्कात जर काही खरं असेल तर ते इथे आहे, फक्त वेळ वेगळी. दमट हवा जळत्या भट्टीचं फार बिघडवत नाही, ती काम करते रात्री, भट्टी बंद असताना. धुराडं थोडं कोमट असतं, ते हवा वर ओढत राहतं, आणि रात्रभर बोळीतली ओली हवा पाइपातून, ब्लोअरमधून, जाळीतून फिरते. जाळीवर कालची राख पडलेली असते. आपल्याकडे मिळणारी पेलेट बहुतेक सोयाबीनच्या कुटाराची, कपाशीच्या पराट्यांची नाहीतर तुरीच्या तुराट्यांची, कधी लाकडाचा भुसा मिसळलेली. शेतातल्या अशा मालाची राख लाकडापेक्षा जास्त पडते आणि तिच्यात पोटॅशचे क्षार असतात. हे क्षार मिठासारखेच हवेतलं पाणी ओढतात. सकाळपर्यंत राख भिजून जाळीच्या भोकांत लापशीसारखी बसते, आणि भट्टी तापली की तिचं कवच होतं. खालून येणारी हवा अडते. जाळ पिवळा पडतो, तुम्ही म्हणता हवा दमट आहे. खरं तर भोकंच बुजलेली असतात. हीच ओली राख पत्राही खाते, म्हणून जाळ्या वर्षभरात झिजतात.

तेव्हा रात्रीचं काम संपल्यावर, निखारा पूर्ण विझून भट्टी गार झाल्यावर, राख काढायचीच. झडीच्या दिवसांत तर एकही दिवस चुकवू नका. जाळीची भोकं खिळ्याने मोकळी करा. काढलेली राख झाकणाच्या लोखंडी डब्यात आणि डबा बाहेर, कारण राखेत लपलेला निखाराही रात्रभर तोच वायू सोडत राहतो.

पाइप काढून टाकू का, असं तुम्ही विचारलंत. खोलीला समोरासमोर मोठ्या खिडक्या असत्या आणि मोठा एक्झॉस्ट नसता, तर मी हो म्हटलं असतं. पण सव्वाशे माणसांचा स्वयंपाक म्हणजे तुमच्याकडे एक्झॉस्ट पंखा असणारच. तो खोलीतली हवा बाहेर फेकतो, तिची जागा भरायला हवा कुठून तरी आत यायला हवी. दारं-खिडक्या बंद असतील तर ती धुराड्यातून उलटी येते, धुरासकट. एकदा करून बघा: दार नेहमीसारखं लोटा, एक्झॉस्ट चालू करा आणि गार भट्टीच्या दारापाशी उदबत्ती धरा. तिचा धूर भट्टीत ओढला गेला तर ठीक. तुमच्या तोंडावर आला तर खोलीत हवेचा तुटवडा आहे, आणि भट्टीचा पाइप ठेवूनही खोलीला वेगळी हवेची वाट लागेल. दाराच्या खालच्या भागात जाळीची चौकट बसवली तरी पुष्कळ फरक पडतो. पाइपामुळे ब्लोअरमध्ये पिठाची धूळ आणि तेलाची वाफ जात नाही, हाही फायदा आहे. म्हणून माझं मत, पाइप ठेवा, पण हा नको.

नऊ फूट फिरवून नेलेला पाइप कशासाठी, हे मला कळलं नाही. भट्टीमागची भिंत बाहेरचीच असेल, तर तिलाच आरपार भोक पाडा. नऊ इंची विटांच्या भिंतीत ते अर्ध्या तासाचं काम आहे. दीड-दोन फुटांचा पाइप होईल. घाम सुटायला पत्राच उरणार नाही, आणि ब्लोअरला हवाही मोकळी मिळेल, कारण प्रत्येक फूट आणि प्रत्येक वळण हवेला अडवतं. मागची भिंत शेजाऱ्याची असेल आणि लांब पाइपच घ्यावा लागत असेल, तर तीनऐवजी चार इंची घ्या. वळ्यांचा लवचिक पाइप कुणी सुचवला तर नको म्हणा, त्याच्या प्रत्येक वळीत पाणी साचतं.

उतार बाहेरच्या बाजूला, चार फुटांना एक इंच, आणि तो पाणपातळी लावून. बाहेरच्या टोकाला एल्बो लावून तोंड जमिनीकडे करा. ते तोंड बोळीच्या जमिनीपासून दीड-दोन फूट तरी वर असू द्या, म्हणजे शिंतोडे पोचत नाहीत, आणि पागोळीच्या धारेखाली अजिबात नको. धुराड्याच्या तोंडापासूनही लांब, नाहीतर भट्टी आपलाच धूर पिते. उंदीर-पाखरांसाठी पाव इंची भोकांची जाळी लावा. मच्छरदाणीची बारीक जाळी नको, बोळीतल्या धुळीने ती महिन्याभरात बुजते आणि बारदान्याचंच काम करते. कूलरही पाहून घ्या. मागच्या बोळीत कूलर असेल आणि त्याच्या ताट्यांचं पाणी पाइपाच्या तोंडावर उडत असेल, तर उन्हाळ्यातही पाइप ओला राहील आणि तुम्ही विनाकारण पावसाला दोष द्याल.

खोलीतला जो भाग उरेल त्यावर एसीच्या तांब्याच्या पाइपाला घालतात तो काळा नायट्राइल फोम गुंडाळा. सांधे टेपने पक्के बंद करा, फट राहिली तर वाफ तिथून आत शिरून फोमखालीच पाणी धरते. भट्टीजवळच्या फूट-दीड फुटावर मात्र फोम लावू नका, तो उष्णतेने खराब होतो. तेवढ्या तुकड्यावर रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर) आणि वर पत्रा. पीव्हीसी पाइप स्वस्त पडतो आणि घामही कमी धरतो, पण भट्टीजवळ तो मऊ पडेल, तिथला तुकडा लोखंडीच हवा.

रात्री ओली हवा फिरू नये म्हणून पाइपात झडप बसवता येते. मी सहसा सुचवत नाही, कारण सकाळच्या घाईत ती उघडायची राहते, आणि मग आपण पुन्हा बारदान्यापाशीच येतो. बसवायचीच असेल तर झडप बंद करताना लाल कापड बांधलेली एक कडी ब्लोअरच्या स्विचवर अडकवायची, ती काढल्याशिवाय स्विच दाबता येऊ नये. आणि भट्टीत एकही निखारा असेपर्यंत झडप लावायची नाही. लाइट गेली, ब्लोअर थांबला, तरीही नाही. तेव्हा उलट दार-खिडक्या उघडा.

पोत्यांबद्दल थोडक्यात. पेलेटला बहुधा वेगळा डिंक नसतो, दाबाने आणि उष्णतेने मालातलाच चिकट अंश तिला धरून ठेवतो. ग्लासभर पाण्यात चार पेलेट टाकून पाहा, थोड्याच वेळात फुगून भुसा होतो. तसंच भट्टीच्या पेलेट भरायच्या डब्यातही होतं, आणि पेलेट आत ढकलणारा स्क्रू अडकतो. विणलेल्या प्लास्टिकच्या पोत्यातून दमटपणा आत जातो, म्हणून उघडलेलं पोतं झाकणाच्या ड्रममध्ये रिकामं करा, बाकीची फळ्यांवर ठेवा, भिंतीला टेकवू नका. पावसाळ्यात रात्री भट्टीचा डबा भरलेला सोडू नका. चांगली पेलेट हाताने मोडताना कट्ट वाजते. न वाजता चुरा झाला तर ते पोतं परत करा. डिसेंबरात तुमचं उघडं पोतं त्या ठिबकणाऱ्या पाइपाखाली होतं का, हे आठवून पाहा.

मिस्त्रीला हे पत्र दाखवलंत तरी माझी हरकत नाही. भोक पाडायला आणि उतार धरायला त्याचाच हात लागणार आहे. फक्त काम चालू असताना पाणपातळी स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

झड चालू आहे तोवर फडकं उद्या रात्रीच बांधा. पाइप बदलल्यानंतर पुन्हा एकदा, आणि मग थंडीच्या पहिल्या आठवड्यात तिसऱ्यांदा. तिन्ही वेळचे रंग मला कळवा. त्याआधी मात्र मावशींना डॉक्टर काय म्हणाले ते लिहा.